मोरी कोण साफ करणार?

पक्षाच्या साप्ताहिकात तुंबलेल्या मोरीवर लेख यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. महागाई, बेकारी, जमिनीचे प्रश्न समोर उभे असताना गटाराची चर्चा कशाला, असे ते विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, श्रमाची विभागणी आणि जातीची उतरंड हे दोन विषय आपण अभ्यासशिबिरांतून वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. ते दोन्ही एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील, तर घरातील मोरी तुंबल्यावर काय घडते ते पाहावे. पाणी वर येऊ लागते, घरातला कर्ता पुरुष नाकाला रुमाल लावतो, गृहिणी तपेल्याने पाणी उपसू लागते आणि तासाभरात कोणीतरी 'माणूस' बोलावला जातो. त्या माणसाची जात कोणी विचारीत नाही. ती विचारावी लागत नाही, हेच आपल्या समाजरचनेचे खरे वर्णन आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. मोरीच्या जाळीखाली किंवा भांडी घासण्याच्या जागेखाली नळीला एक बाक दिलेला असतो. त्या बाकात सुमारे दोन इंच पाणी सदैव उभे राहते आणि गटारातील वायू, दुर्गंधी व किडे यांना घरात शिरू देत नाही. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली शौचपात्राच्या नळीला असा बाक देऊन त्याचे पेटंट घेतले. तीच युक्ती आजही प्रत्येक घरात आहे. परंतु जो बाक वायू अडवितो, तोच खरकटेही अडवितो. फोडणीचे तेल किंवा तूप गरम असताना पाण्यासारखे वाहते. नळीत पुढे गेल्यावर ते निवते आणि आतल्या बाजूला ओशट थर धरते. पाणी जड असेल तर साबणाचाही चिकट साका त्यात मिसळतो. त्या थरावर भाताची शिते, चहाचा चोथा, कणकेचा लगदा बसत जातो. न्हाणीत हेच काम केसांचे पुंजके करतात. शौचकूपात टाकलेल्या प्लास्टिकच्या पुड्या, बाळांचे लंगोट आणि मासिक पाळीचे पॅड तर कधीच विरघळत नाहीत. एका दिवसात मोरी तुंबत नाही. ती रोज थोडी थोडी तुंबत असते आणि एका दिवशी आपल्या लक्षात येते.

मग ती मोकळी कशी करावी? यात कसलेही गूढ नाही. वरचे पाणी उपसून काढावे, जाळी उचलून हाताला लागेल तो गाळ आणि केस काढावेत. लाकडी दांड्याचा रबरी पंप तोंडावर घट्ट बसवून दहा-पंधरा वेळा जोराने खालीवर करावा; बेसिनला वरच्या बाजूस दुसरे भोक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरावे, नाहीतर सारा जोर तिकडून निघून जातो. एवढ्याने भागले नाही, तर खाली बादली ठेवून बाकाची चकती फिरवावी आणि आतला लगदा तारेने काढावा. रबरी हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, झाले. आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घालून हाताला चटका बसेल इतके गरम पाणी सोडावे. प्लास्टिकच्या नळ्या असतील तर उकळते पाणी ओतू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, मोरी तुंबूच नये म्हणून तेलकट कढई धुण्यापूर्वी जुन्या कागदाने पुसावी, चोथा कुंडीत टाकावा, जाळी रोज झाडावी. या कामाला शिक्षण लागत नाही, शक्ती लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. लागते ती फक्त हात घालण्याची तयारी.

परंतु ही तयारी नसल्यामुळे मध्यमवर्गीय घर एक तिसरा मार्ग काढते. दुकानातून तेजाबाची बाटली आणली जाते आणि मोरीत ओतली जाते. आपला हात वाचला, असे समाधान मिळते. या समाधानाची किंमत कोण देतो? तेजाब ब्लीचिंग पावडरीशी मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो घरातल्याच माणसांच्या छातीत जातो. गटारातल्या कुजक्या गाळावर ते पडले, तर हायड्रोजन सल्फाईड मोकळा होतो. हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्या माणसाला हवा शुद्ध झाल्याचा भास होतो आणि काही क्षणांत तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. गटारांतील आणि मैल्याच्या टाक्यांतील मृत्यूंच्या बातम्यांत एकापाठोपाठ एक दोन-तीन जण गेल्याचे आपण पुन्हा पुन्हा वाचतो, त्याचे कारण हे आहे.

येथे आपल्या चळवळीच्या परंपरेकडे वळणे भाग आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. ते काम जातीनेच वाटले जाई, म्हणून उच्चवर्णीय कैद्याला ते नाकारण्यात आले. अप्पासाहेबांनी उपोषण आरंभिले आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्नत्याग केला. आपल्या घाणीची जबाबदारी आपण घ्यावी, हा त्या सत्याग्रहाचा अर्थ होता आणि तो आजही शिळा झालेला नाही. परंतु याच प्रश्नाची दुसरी बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. भंगीकामाला पावित्र्य आणि सेवेची थोरवी चिकटविण्यावर त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. ज्याला ते काम जन्मामुळे करावे लागते, त्याला त्या कामाची थोरवी सांगणे म्हणजे बेडीला सोन्याचा मुलामा देणे होय.

या दोन भूमिकांत एकीचीच निवड करावी लागेल, असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्यामधून एक स्पष्ट रेषा आखता येते. घराच्या आतील मोरी ज्याची त्याने आपल्या हाताने साफ करावी. घराबाहेरच्या चेंबरपलीकडे मात्र कोणाचाही हात जाता कामा नये, तेथे यंत्रच गेले पाहिजे. पहिल्या भागात अप्पासाहेबांचा मार्ग, दुसऱ्या भागात बाबासाहेबांचा आग्रह. आज आपल्या समाजात नेमके उलटे चालले आहे. आपला हात आपल्या मोरीतही जात नाही आणि दुसऱ्याचे संपूर्ण शरीर गटारात जाते.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. या दुसऱ्या कायद्याच्या सातव्या कलमान्वये गटाराच्या किंवा मैल्याच्या टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणाही व्यक्तीने, स्थानिक प्राधिकरणाने वा संस्थेने माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'कोणाही व्यक्तीने' हे शब्द गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीसांनी नीट वाचावेत. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील एका निवासी इमारतीची मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२१ साली न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. पण भरपाई मेल्यावर मिळते. शिवाय कायद्याच्या व्याख्येतच एक पळवाट आहे. संरक्षक साधने आणि खबरदारी यांच्याविना केलेली सफाई तेवढीच धोकादायक ठरते. म्हणजे साधने दिल्याचे कागदोपत्री दाखविले की माणूस आत उतरविण्याचा मार्ग मोकळा होतो.

साधनांचा अभाव ही सबब आता चालण्यासारखी नाही. पाण्याच्या दाबाने गटार मोकळे करणाऱ्या आणि गाळ शोषून घेणाऱ्या गाड्या मोठ्या शहरांत आहेत. केरळमध्ये २०१८ पासून मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव वापरात आला. अरुंद गल्लीत मोठी गाडी जात नसेल तर लहान यंत्र बनविता येते. ज्या देशाने चंद्रावर यान उतरविले, त्याला हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. अडचण यंत्राची नसून हिशेबाची आहे. यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो, आणि कंत्राटदाराचा माणूस त्याहूनही स्वस्त पडतो, कारण त्याचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नसते. मुंबई महापालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. त्यामागे कामगार संघटनेची दीर्घ लढाई होती. ज्यांची संघटनाच नाही, त्यांचे काय? आणि ज्यांना कायम नोकरी मिळाली, त्यांच्याही बाबतीत एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. गरीब कुटुंबाला तिचा आधार आहे, म्हणून तिच्यावर घाला घालू पाहणाऱ्यांना आपण विरोधच करू. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणाऱ्या सुरक्षिततेवर समाजवाद्याला समाधान मानता येणार नाही. त्या मुलाला कारकून, तंत्रज्ञ आणि यंत्रचालक होण्याचा हक्क त्याच नोकरीत मिळाला पाहिजे.

आणखी एका आक्षेपाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. झोपडपट्टीतील लोकच घाण करतात, गटारात कचरा टाकतात, म्हणून ती तुंबतात, असे पांढरपेशा नागरिक सहज म्हणून जातो. चार इंची नळीला साधारणपणे चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो, हे बांधकामाचे जुने गणित आहे. उतार कमी पडला तर पाणी रेंगाळते आणि गाळ बसतो. हा उतार देणे इमारत बांधणाऱ्याच्या हाती असते, राहणाऱ्याच्या नव्हे. एका कुटुंबाच्या हिशेबाने टाकलेली नळी दहा कुटुंबांना जोडली, कचरा उचलणारी गाडी वस्तीत फिरकलीच नाही आणि वस्ती अनधिकृत म्हणून गटाराची जोडणी नाकारली, तर तेथील माणसाने शिस्त पाळायची म्हणजे नेमके काय करायचे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्यांना दोष देण्यात आला, तो खोटा नव्हता. पण पिशव्या बनविणारे कारखानदार आणि नाल्यांची पात्रे अरुंद करणारी बांधकामे यांचा हिशेब तितक्याच जोराने मागितला गेला नाही. शिस्त गरिबांना आणि सवलत धनिकांना, हा न्याय पाण्याच्या निचऱ्यालाही लागू झाला आहे.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? पहिली गोष्ट घरातली. गाडगेबाबांच्या जयंतीला हातात झाडू घेऊन छायाचित्र काढून घेणे सोपे असते. घरची मोरी मात्र बायकोकडे आणि मोलकरणीकडे सोपविलेली असते. समतेवर व्याख्यान देणाऱ्या प्रत्येक पुरुष कार्यकर्त्याने आपल्या घरातील जाळी झाडण्याचे आणि बाक साफ करण्याचे काम स्वतःकडे घ्यावे, कायमचे घ्यावे आणि त्याचा गवगवा करू नये. दुसरी गोष्ट वस्तीतली. शाखेने एक रबरी पंप, एक लांब लवचीक तार आणि हातमोजे विकत घेऊन ते सर्वांना वापरण्यासाठी ठेवावेत. चाळीतील तरुणांना ते वापरण्यास शिकवावे. तेजाब ओतण्याचे दुष्परिणाम घरोघर समजावून सांगावेत. एकाच वेळी अनेक घरांच्या मोऱ्या भरू लागल्या, तर दोष बाहेरच्या चेंबरपलीकडे आहे हे ओळखावे आणि तेथे कोणालाही उतरू न देता पालिकेकडे यंत्राची लेखी मागणी करावी. तिसरी गोष्ट राजकारणाची. प्रत्येक नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात गटारसफाईच्या यंत्रांसाठी किती तरतूद आहे, त्यातील किती खर्च झाली आणि कंत्राट कोणाला गेले, हे तीन प्रश्न शाखेने दरवर्षी विचारावेत. गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभेत, आमच्या टाकीत माणूस उतरविला जाणार नाही, असा ठराव मांडावा. तो मांडताना काही शेजारी दुरावतील. खर्च वाढेल, अशी तक्रार होईल. ती सोसावी.

क्रांतीच्या गोष्टी मोठ्या असतात आणि मोरीची गोष्ट लहान आहे, हे खरे. परंतु ज्याला आपल्या खरकट्याला हात लावण्याची लाज वाटते, त्याने दुसऱ्याच्या श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण केले, तर ऐकणाऱ्या सफाई कामगाराला त्यातला पोकळपणा लगेच कळतो. पुढच्या सभेत त्याने आपल्यावर विश्वास ठेवावा अशी इच्छा असेल, तर त्याला गटारात उतरावे लागणार नाही यासाठी आपण काय केले, हे सांगण्याची तयारी ठेवावी लागेल. त्याचा आरंभ आपल्याच स्वयंपाकघरातून होतो, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.