ई-मेलला ऑटो रिप्लाय लावताय? आधी फिल्टर लावा!

दहावीचा निकाल लागला की क्लासच्या मेलवर रोज तेच प्रश्न येतात. फी किती? बॅच कधी सुरू होणार? प्रत्येकाला उत्तर टाइप करण्यात तास जातो आणि तेवढ्यात पालक दुसऱ्या क्लासकडे वळतात. जीमेलमध्ये यावर मोफत उपाय आहे.

सुट्टीचा रिप्लाय वेगळा
'व्हेकेशन रिस्पॉन्डर' फोनच्या ॲपमधूनही सुरू करता येतो. मात्र त्याचे एकच उत्तर ग्राहकालाही जाते आणि नातेवाइकालाही. ठरावीक विषयाच्या मेललाच उत्तर जावे, यासाठी फिल्टर हवा. तो ॲपमध्ये तयार होत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरवर जीमेल उघडावे लागते.

असे करा सेटिंग
१. 'सी ऑल सेटिंग्ज'मधील 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'टेम्प्लेट्स' एनेबल करून बदल सेव्ह करा.
२. नव्या मेलमध्ये उत्तर लिहा. खालच्या तीन टिंबांवर क्लिक करून ते टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा.
३. सर्च बारमधील फिल्टरच्या चिन्हावर क्लिक करा. 'सब्जेक्ट'च्या रकान्यात 'ॲडमिशन'सारखा शब्द टाका.
४. 'क्रिएट फिल्टर'वर जाऊन 'सेंड टेम्प्लेट' निवडा, तयार केलेले उत्तर जोडा आणि पुन्हा 'क्रिएट फिल्टर' दाबा.

शेवटी दुसऱ्या अकाउंटवरून मेल पाठवून तपासा. लोक 'प्रवेश' असेही लिहितात, त्यामुळे त्या शब्दासाठीही फिल्टर करा.

नियम ढिला नको
फिल्टर जितका सैल, तितका धोका जास्त. फसव्या मेललाही उत्तर गेले, तर हा पत्ता चालू असल्याचे समोरच्याला आपसूक कळते. दोन्हीकडे ऑटो रिप्लाय असेल, तर यंत्रेच एकमेकांना उत्तरे देत बसू शकतात. म्हणूनच २००४च्या 'आरएफसी ३८३४' या इंटरनेट मानकात, आपोआप आलेल्या मेलला पुन्हा आपोआप उत्तर देऊ नये, असे सुचवले आहे.

उत्तरात काय असावे?
हे उत्तर आपोआप आले आहे, असे पहिल्याच ओळीत सांगा. मग फी, वेळ, पत्ता आणि माणूस नेमका कधी उत्तर देईल, ते लिहा. 'गावी गेलो आहे, घर बंद आहे' असा तपशील टाळा.

'तुमचा मेल मिळाला, लवकरच संपर्क करू' एवढेच लिहून गप्प बसणे म्हणजे तक्रार अर्जावर नुसता शिक्का मारण्यासारखे आहे. तक्रारी, पैसे परत मागणारे किंवा आजारपणाचे मेल फिल्टरवर सोपवू नका. ते स्वतःच वाचायला हवेत.