आठशे वर्षांनंतरची माफी

2016 साली ऑक्सफर्डमधील सेंट आल्डेट्स रस्त्यावर उत्खननात एक मध्ययुगीन शौचकूप सापडला. त्यात फुटकी मडकी आणि जेवणातली हाडे होती. हाडांत पाळीव पक्षी होते, शेळ्यामेंढ्या होत्या. डुकराचे हाड एकही नव्हते. मडक्यांत मुरलेली चरबी तपासली, तेव्हा मांसाबरोबर दूध शिजवल्याच्या खुणाही आढळल्या नाहीत. हे कोशर स्वयंपाकघर होते. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि विद्यापीठाच्या या शहरात ज्यूंचा मोहल्ला होता, ही कागदावरची गोष्ट एका घराच्या चुलीपर्यंत पोहोचली.

हे लोक परके नव्हते. विद्यार्थी राहत त्यांतल्या काही घरांचे मालक ज्यू होते. मर्टन कॉलेजची काही जागा याकोब नावाच्या ज्यूकडून विकत घेतलेली आहे. आजच्या बोटॅनिक गार्डनजवळ त्यांचे कब्रस्तान होते. तरीही 1290 मध्ये राजा पहिला एडवर्ड याने इंग्लंडमधील सगळ्या ज्यूंना हाकलून दिले. पुढची साडेतीनशेहून अधिक वर्षे त्यांना तिथे उघडपणे राहता आले नाही.

त्याची तयारी आधीच झाली होती. 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यू आणि मुसलमान, दोघांनीही ओळखू येईल असा वेगळा पोशाख करावा, असे ठरवले. 1222 मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ऑस्नी मठातील परिषदेने ज्यूंवर कपड्यावर बिल्ला लावण्याची सक्ती केली आणि नवी प्रार्थनालये बांधायला बंदी घातली.

मे 2022 मध्ये, त्या परिषदेला आठशे वर्षे झाली तेव्हा, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने ज्यूंची माफी मागितली. 1222 मध्ये हे चर्च अस्तित्वातही नव्हते. ‘ते आम्ही केले नाही’ असे म्हणून हात झटकता आले असते. त्यांनी तसे केले नाही.

आपण काय करतो? बिल्ल्याची गोष्ट वाचून आपल्याला युरोपचा राग येतो. पण त्याआधी साडेतीनशे वर्षे, 850 मध्ये, बगदादचा खलिफा मुतवक्किल याने ज्यू आणि ख्रिस्ती प्रजेवर पिवळसर वस्त्रांची सक्ती केली होती. हा आपल्या इतिहासाचा भाग आहे. आपण त्यातले अंदलुस आणि बगदादचे वैभव तेवढे सांगतो.

आज ‘ज्यू’ म्हटले की आपल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर फक्त इस्रायलचे सरकार येते. गाझातील अन्यायाविरुद्ध बोललेच पाहिजे. पण कुठे स्फोट झाला की सगळ्या मुसलमानांकडे संशयाने पाहिले जाते, तेव्हा आपण चिडतो. तोच न्याय ज्यू माणसालाही लागू आहे.

असा विसरलेला इतिहास शोधायला ऑक्सफर्डलाच जायला हवे असे नाही. मुंबईत मस्जिद स्टेशनवर मी कितीदा तरी उतरलो. ते नाव आपल्याच मशिदीचे, असे मी धरूनच चाललो होतो. पण ते सॅम्युअल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधलेल्या ज्यू प्रार्थनालयावरून पडले, असे मानले जाते. कोकणातून आलेले हे बेने इस्रायल मराठी बोलत आणि आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत.

आपल्या शहरांतून मुसलमानांच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत, अशी आपली मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण दुसऱ्यांच्या पुसल्या गेलेल्या खुणा जपायला आपण पुढे झालो, तरच त्या मागणीला वजन येईल. तुमचे गाव अलिबाग, पेण किंवा पनवेलच्या बाजूला असेल, तर या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: आपल्या आळीत शनवार तेली कुठे राहत होते? त्यांचे कब्रस्तान कुठे आहे? जे सांगतील ते लिहून ठेवा.