खेळातील कंटाळा

खेळ हा विरंगुळ्यासाठी असतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दिवसभराच्या श्रमाने शिणलेल्या मनाला खेळातून उभारी मिळते. परंतु खेळच जेव्हा श्रमासारखा भासू लागतो, तेव्हा त्यातील आनंदाचे काय होते? संगणकावरील व मोबाइलवरील खेळांच्या संदर्भात हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या खेळांपैकी एक प्रकार भूमिकाप्रधान खेळांचा. त्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो, त्या पात्रासह अनोळखी प्रदेशातून प्रवास करतो व वाटेत शत्रूंशी लढतो. सारीपाटात जशी प्रत्येकाला आपापली पाळी मिळते, तशीच यांतील अनेक खेळांत लढाईही पाळीपाळीने चालते. आधी नायकाने वार करायचा, मग शत्रूने. येथे हाताच्या चपळाईपेक्षा विचाराला अधिक वाव असतो, आणि तेच या प्रकाराचे खरे सौंदर्य होय.

जपानमध्ये १९८६ साली आलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ सालचा ‘फायनल फॅन्टसी’ या खेळांनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्यांत चार पावले चालावे, तोच अदृश्य शत्रू अचानक समोर उभा राही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ अवघ्या ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला होता. एवढ्याशा जागेतील लहान जग या वारंवारच्या लढायांमुळे विस्तीर्ण व धोक्याचे वाटे. शिवाय प्रत्येक विजयागणिक नायकाचे बळ वाढत असे. म्हणजे या लढायांना प्रयोजन होते.

मात्र तीच लढाई पन्नासाव्यांदा लढताना खेळणाऱ्याला ठरवण्यासारखे काही उरत नाही. निकाल आधीच ठाऊक असतो. बोट केवळ तीच कळ दाबत राहते. कथेचा धागा तुटतो. आडवाटेने जाऊन काही नवे पाहावे, ही जिज्ञासाही मावळते, कारण त्या कुतूहलाची किंमत आणखी चार निरर्थक लढायांनी मोजावी लागते. अखेरीस मोठ्या शत्रूसमोर उभे राहण्याची वेळ येते, तेव्हा मन थकलेले असते.

यावर कोणी म्हणेल, की पुनरावृत्तीवाचून काहीच साध्य होत नाही. तालमीत रोज त्याच जोरबैठका काढाव्या लागतात. गायकाला रोज तेच स्वर घोटावे लागतात. हे खरे आहे. परंतु तालमीत पहिलवानाचे शरीर कमावले जाते, रियाजात गायकाचा गळा तयार होतो. या लढायांत मात्र पात्राच्या बळाचा आकडा वाढतो. खेळणाऱ्याचे कौशल्य होते तेथेच राहते. सारीपाटातही दान पुन्हा पुन्हा टाकले जाते, पण प्रत्येक दानासोबत कोणती सोंगटी पुढे न्यावी हा नवा निर्णय येतो. तात्पर्य, कंटाळा पुनरावृत्तीतून येत नाही, तो निर्णयाच्या अभावातून येतो.

काही निर्मात्यांनी हे ओळखले. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या ‘मदर २’ या खेळात शत्रू फारच दुबळा असेल, तर लढाई न लढताच विजय मिळे. ‘फायनल फॅन्टसी’च्या २०२३ सालच्या नव्या आवृत्तीत तर अचानक उद्भवणाऱ्या लढाया बंद करण्याची सोयच देण्यात आली. काहींना सोपे विजयही विसावा देतात. त्यांच्यासाठी लढाया चालू ठेवण्याचा मार्ग मोकळा आहे. निवड खेळणाऱ्याच्या हाती असावी, हे महत्त्वाचे.

आज या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. एके काळी दिल्लीच्या पालिका बाजारातून खेळाची कॅसेट किंवा सीडी विकत आणली, की व्यवहार तेथेच संपत असे. आज नोएडाहून गुरुग्रामला कामासाठी जाणारा माणूस मेट्रोत उभ्या उभ्या मोबाइलवर फुकट मिळालेला खेळ खेळतो. अशा कित्येक खेळांत त्याच त्या लढाया मुद्दाम पेरलेल्या असतात आणि त्या टाळायच्या असतील, तर पैसे मागितले जातात. कंटाळा निर्माण करणारा आणि त्यावरचा उतारा विकणारा एकच! काही खेळांत तर लढाई आपोआप चालवणारी कळ असते. खेळणाऱ्याऐवजी खेळच खेळू लागला, तर त्या लढाईत खेळण्यासारखे काही नव्हते, याचीच ती कबुली ठरते.

कष्टकरी माणसाला दिवसातून मिळणारा मोकळा वेळ थोडा असतो. तो वेळ ही त्याची मिळकत आहे. जो खेळ त्या वेळाच्या बदल्यात विचाराला, कुतूहलाला किंवा मनाच्या विसाव्याला काही देतो, तो खेळ या नावाला पात्र आहे. जो केवळ वेळ घेतो, ती बिनपगारी चाकरीच होय. आणि तिला नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.