भय कोणाचे?

उत्तर कोरियाने शेजाऱ्यास धमकी दिली, की आपल्याकडे एकच विशेषण वापरण्याची प्रथा पडून गेली आहे : माथेफिरू. हे विशेषण मोठे सोयीचे आहे. समोरचा वेडा ठरला की त्याच्या वागण्याची कारणे शोधण्याचा खटाटोप आपोआपच वाचतो. परंतु जे घराणे तीन पिढ्या गादी सांभाळून आहे आणि ज्याच्या वंशजास भेटावयास अमेरिकेचा अध्यक्ष २०१८ साली सिंगापुरास व २०१९ साली हनोईस गेला, त्यास वेडे म्हणणारांनी आपले शहाणपणच एकदा तपासून पाहावे.

दुसरा पक्ष अधिक विचारी आहे. तो म्हणतो, हे सारे अमेरिकेच्या भयापोटी चालले आहे. यात तथ्य नाही असे नाही. २००३ साली गडाफीने अण्वस्त्रांचा नाद सोडला आणि २०११ साली तो मारला गेला. हा धडा प्योंगयांगने नीट गिरविला असून तसे उघड बोलूनही दाखविले आहे. पण शस्त्र बाळगण्याचे कारण निराळे आणि ते शेजाऱ्याच्या दारात परजण्याचे कारण निराळे. २००६ ते २०१७ या काळात सहा अणुचाचण्या झाल्या. केवळ संरक्षणाचाच प्रश्न असता, तर त्यानंतर तरी जीभ मवाळ व्हावयास हवी होती. ती अधिकच तिखट झाली.

आमच्या मते या राजवटीला खरे भय आहे ते दक्षिणेच्या सैन्याचे नव्हे, दक्षिणेच्या संसाराचे. १९७० च्या सुमारापर्यंत उद्योगधंद्यांत उत्तर भागच पुढे होता. पुढे पारडे फिरले. दक्षिणेत सुबत्ता आली, १९८७ साली लोकांनी लष्करशहांना नमविले. उत्तरेत १९९० नंतरच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. परका देश श्रीमंत झाला तर प्रजेची समजूत घालता येते. पण एकच भाषा बोलणारा, एकाच पूर्वजांचा सख्खा भाऊ सुखात नांदतो आहे, याला काय उत्तर द्यावयाचे? त्याला शत्रू ठरविणे, एवढाच मार्ग उरतो. आणि शत्रू ठरविलेला भाऊ शत्रू भासावा, म्हणून अधूनमधून तोफा वाजवाव्या लागतात.

ही तुलना जुनी आहे. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर देखरेख ठेवण्यास भारताने जे रक्षक दल धाडले, त्याचे प्रमुख आपले मेजर जनरल शंकरराव थोरात होते. त्यांच्या ताब्यात उत्तर कोरियाचे सात हजारांहून अधिक सैनिक होते. छावण्यांत दडपणे होती, हे खरे. तरीही शेवटी घरी परतले ते थोडेच.

आज तेच भय कायद्याच्या भाषेत बोलते. २०२० च्या कायद्याने दक्षिणेचे चित्रपट पाहणे हा भयंकर गुन्हा ठरला, तर २०२३ च्या कायद्याने दक्षिणेची बोलीच निषिद्ध ठरविली. दक्षिणेतील तरुणी आपल्या प्रियकरास ‘ओप्पा’, म्हणजे दादा, म्हणतात. उत्तरेत ते आता अपराधात मोडते! जानेवारी १९२४ मध्ये नव्हे, जानेवारी २०२४ मध्ये किम जोंग-उनने दक्षिणेस प्रमुख शत्रू म्हणून घोषित केले आणि राजधानीतील एकीकरणाची कमान पाडून टाकण्यात आली. आक्रमणाची तयारी करणारा असे करीत नाही. दार लावून घेणारा करतो.

तेव्हा धमकीसरशी तेल आणि धान्य देऊ करणारे मुत्सद्दी आणि केवळ निर्बंध आवळणारे मुत्सद्दी, दोघेही भलत्याच रोगावर औषध देत आहेत. ऑगस्ट २०१५ चे उदाहरण घ्या. सुरुंगस्फोटात दक्षिणेचे दोन सैनिक जायबंदी झाले, म्हणून दक्षिणेने सरहद्दीवर ध्वनिक्षेपक लावून बातम्या व गाणी ऐकविण्यास प्रारंभ केला. उत्तरेने तोफा डागल्या, युद्धसदृश स्थिती जाहीर केली आणि अठ्ठेचाळीस तासांची मुदत घातली. मागणी होती ती ध्वनिक्षेपक बंद करण्याची. अखेर २५ ऑगस्टला त्याच एका अटीवर उत्तरेने जखमी सैनिकांबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्या दिवशी दुपारी गाणी थांबली.