गॅस आला, पण चूल विझली का?

"मावशी, घरी गॅस आहे का?"

"आहे की डॉक्टर. सात वर्षं झाली."

माझ्या तपासणीच्या खोलीत हा संवाद शेकडो वेळा झाला असेल. उत्तर ऐकून मी केसपेपरवर 'चुलीचा धूर : नाही' असं लिहायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. मी चुकत होतो. ही चूक मला पन्नाशीच्या एका बाईंमुळे कळली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

या बाईंनी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली नव्हती, मशेरीचीही सवय नव्हती. तरी दोन वर्षांपासून चढ चढताना दम लागायचा आणि हिवाळा आला की खोकला सुरू व्हायचा. कुणी 'रक्त कमी आहे' म्हणालं, कुणी 'आता वय झालं'. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकायला लावून करतात ती फुप्फुसांची तपासणी, केल्यावर श्वास सोडण्याची क्षमता अपेक्षेच्या निम्म्यावर आलेली दिसली. निदान झालं सीओपीडी. हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार. बिडी ओढणाऱ्यांचा आजार, अशी आपली समजूत असते.

मी पुन्हा विचारलं, "भाकरी कशावर करता?"

उत्तर सूनबाईंनी दिलं. "भाकरी चुलीवरच. अंघोळीचं पाणीपण. गॅस चहाला, नाहीतर पाव्हणे आल्यावर."

लगेच त्यांचे यजमान म्हणाले, "गॅसवरच्या भाकरीला चव नसते डॉक्टरसाहेब. आणि टाकी पुरवून वापरावी लागते."

त्या दिवसापासून मी 'गॅस आहे का?' हा प्रश्न विचारणं सोडलं. आता विचारतो, 'चूल कधी बंद झाली?' बहुतेक घरांत ती बंद झालेलीच नसते.

धूर शरीरात करतो तरी काय?

डोळ्यांना दिसतो तो धूर कमी घातक. जास्त घातक असतात त्यातले 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कण. डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे रोज थोडी सूज येते. वर्षानुवर्षं हे चाललं की नळ्या जाड होतात, वायुकोशांच्या भिंती फाटतात. फाटलेली भिंत पुन्हा तयार होत नाही. आमचे इनहेलर नळ्या थोड्या सैल करतात, गेलेलं फुप्फुस परत आणत नाहीत.

या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये दिलेली मर्यादा दिवसाच्या सरासरीला घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. भारताची मर्यादा 60. बंद स्वयंपाकघरात लाकडं किंवा गोवऱ्या पेटल्या की हा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो, कधी हजारापलीकडेही. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशीही घरातल्या धुराचा संबंध दिसून आला आहे.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की सीओपीडीच्या साधारण 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. तरीही आम्ही डॉक्टर बाईंना 'तंबाखू?' विचारतो आणि नकार आला की फाइल मिटतो. या लेखातली पहिली टीका म्हणूनच आमच्या स्वतःवर.

टाक्या मोजून धूर मोजला जात नाही

उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी बलियात सुरू झाली. आज देशभरात 10 कोटींहून जास्त जोडण्या आहेत, त्याही बाईच्या नावावर. हे काम मोठं आहे आणि त्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण या लाभार्थी कुटुंबांत वर्षाला सरासरी चार-साडेचार टाक्याच भरल्या जातात. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या घराला वर्षाला आठ-दहा तरी लागतात. उरलेलं अन्न कशावर शिजतं, हे कुणी सांगायला नको.

कुणी म्हणेल, मग धूर कमी करणारी चूल द्या. तेही करून झालंय. ओडिशात सुमारे 2,600 घरांच्या अभ्यासात सुधारित चुली दिल्या गेल्या. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्त झाल्या नाहीत, आणि चार वर्षांत तब्येतीत फरक दिसला नाही.

गॅसचीही बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. तमिळनाडूसह चार देशांत सुमारे 3,200 गर्भवती स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या घरांना गॅस दिला. 2022 मध्ये निकाल आला : बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे काही महिन्यांच्या गॅसनं सगळं भरून निघतं असं नाही. पण त्याच अभ्यासात बायकांच्या श्वासात जाणारे कण सुमारे दोन तृतीयांशांनी घटले आणि त्या घरांतल्या चुली जवळजवळ पूर्ण बंद पडल्या. कारण टाकी फुकट आणि घरपोच मिळत होती. तिथं कुणाला भाकरीची चव आडवी आली नाही!

चव कुणाची, फुप्फुस कुणाचं?

आता थोडं कडू बोलतो. चुलीवरच्या भाकरीची चव ज्यांना हवी असते, ते चुलीपुढे बसत नाहीत. शहरातून शनिवारी गाडी काढून 'चुलीवरचं मटण' खायला जाणारे आपण उघड्यावर तासभर बसतो. आत फुंकणीनं जाळ धरणारी बाई तिथं रोज असते. आजीच्या हातची चव आपल्याला आठवते, पण आजीचा खोकला कुणाला आठवत नाही. आपण त्याला 'म्हातारपण' म्हणालो होतो.

'टाकी परवडत नाही' हे मात्र मी हसण्यावारी नेत नाही. हातावर पोट असलेल्या घरात ते खरं आहे. सरपण फुकट वाटतं, कारण ते गोळा करायला लागणारे बाईचे तास कुणी मोजत नाही. पण ज्या घरात मोबाइलचा रिचार्ज आणि गाडीचं पेट्रोल वेळेवर होतं आणि टाकी मात्र 'पुरवून' वापरली जाते, तिथं अडचण पैशांची नाही. टाकी बाईच्या नावावर आणि भरायची की नाही हे दुसऱ्याच्या हातात, ही खरी अडचण. महिन्याला इनहेलर लागायला लागले की हाच हिशेब उलटा फिरतो.

आजपासून काय करता येईल?

- सगळं एकदम जमत नसेल तर आधी भाकरी गॅसवर आणा. चहाला चूल चालते आणि भाकरीला गॅस परवडत नाही, हा हिशेब उलटा करा. भाकरी थापताना-भाजताना बाईचा चेहरा जाळाच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत जास्त वेळ असतो.
- डाळ-भात कुकरमध्ये, धान्य आधी भिजवून, झाकण ठेवून. टाकी जास्त दिवस जाते.
- अंघोळीच्या पाण्याची चूल किंवा बंब घराबाहेर, खिडकीपासून लांब, मोकळ्यावर हलवा. लाकूड वाळलेलं असू द्या. पेटवायला प्लॅस्टिक कधीही नको.
- गर्भवती सून, तान्हं बाळ आणि दम्याचा रुग्ण धुरात बसणार नाहीत, हा घराचा नियम करा.
- एकाच खोलीत गॅसची टाकी आणि पेटती चूल ठेवू नका.
- गॅसवर स्वयंपाक करतानाही खिडकी उघडी हवी. बंद न्हाणीघरात गॅस गीझर जीवघेणा ठरू शकतो.
- गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही. बाहेर येऊन 1906 वर फोन करा.
- अनुदान आणि मोफत टाकीच्या योजनांची चौकशी गॅस एजन्सीत जरूर करा.

तीन आठवड्यांहून जास्त खोकला असेल किंवा नेहमीच्या कामाला दम लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा, 'मी इतकी वर्षं चुलीवर स्वयंपाक केलाय.'

त्या मावशी परवा येऊन गेल्या. दम आहेच, तो पूर्ण जाणार नाही. पण या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही. मी यजमानांना विचारलं, "भाकरीची चव कशी आहे?"

ते ओशाळून हसले. "सवय झाली डॉक्टरसाहेब."

होते सवय. आज रात्री जेवताना घरातल्या पुरुषांनी एकदा विचारावं, ही भाकरी कशावर भाजली? आणि उत्तर 'चूल' असेल तर उद्या सकाळी टाकीचा नंबर आपण लावावा.