पानगळीचे अत्तर

यंदा ऑक्टोबरात आमच्याकडे आलेल्या प्रश्नांत एक जरा वेगळा होता. पिंपळगाव बसवंतच्या एका भगिनीने लिहिले होते: कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाइलवरून परफ्यूम मागवला. खोक्यावर 'ऑटम' असे नाव आहे आणि खाली तंबाखू, सुकलेली पाने, लाकूड, मध अशी यादी. तंबाखू हा शब्द वाचूनच मन धास्तावले. हे अंगाला लावून जुम्म्याला जाणे योग्य आहे का? आणि गुलाब, मोगरा, खस एवढे सगळे सोडून मुलाला तंबाखूच का आवडावी?

प्रश्न साधा वाटला तरी त्यात तीन प्रश्न आहेत. बाटलीत नेमके काय आहे, ते कधी आणि किती लावावे, आणि आईच्या मनातली ती धास्ती खरी की खोटी. एकेक करून पाहू.

आधी बाटली. तंबाखूचे हिरवे पान काही सुगंधी नसते. ते तोडून, वाळवून, मुरवले की त्याला वास येतो. तो वाळल्या गवताच्या गंजीसारखा, मधासारखा आणि थोडासा बेदाण्यासारखा. बेदाणा म्हटल्यावर आमच्या द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. परफ्यूम करणाऱ्यांना हवा असतो तो हा वास, धूर नव्हे. काही जण मुरवलेल्या पानाचा अर्क वापरतात, बरेच जण तो वास इतर पदार्थांच्या मिश्रणातून उभा करतात. त्यात कुमारिन नावाचा एक पदार्थ हमखास असतो. ताज्या वाळलेल्या गवताचा गोडसर वास त्याचाच. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केला, आणि पुढे युरोपातल्या परफ्यूमांचा चेहराच बदलला.

सुकलेल्या पानांचे तर आणखी गमतीचे. जमिनीवर पडलेल्या पाचोळ्याचा अर्क कोणी काढत नाही. तो वास खस, देवदाराच्या जातीची लाकडे आणि पॅचौली यांच्या मेळातून रचतात. पॅचौली म्हणजे तुळशीच्या कुळातली पाच. तिची पाने आधी सुकवतात, मग भट्टीवर चढवून तेल काढतात. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली विलायतेला जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये ही पाने घालत. तिथल्या गिऱ्हाइकांना त्या वासाची इतकी सवय झाली की शाल खरी हिंदुस्थानची की नक्कल, हे ते नाकाने ओळखू लागले. म्हणजे परदेशी म्हणून जी बाटली घरात आली, तिच्यातला निम्मा माल आपल्या ओळखीचा आहे.

ओळखीचा नाही तो तिच्यावरचा ऋतू. युरोप-अमेरिकेत ऑक्टोबर म्हणजे थंडीची चाहूल. झाडे पिवळी-तांबडी होतात, पाने आपोआप झडतात, लोक लोकरीचे कपडे बाहेर काढतात. त्या गारठ्यात असा ऊबदार वास बरा वाटतो. आपल्याकडे पानगळ शिशिरातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली. पिंपळगावात मात्र हा शब्द ऑक्टोबरातही कानावर पडतो, पण वेगळ्या अर्थाने. 'तुमची पानगळ झाली का?' असे एक बागायतदार दुसऱ्याला विचारतो. गोडी छाटणीच्या आधी द्राक्षवेलीची पाने उतरवावी लागतात. कोणी मजूर लावून हाताने उतरवतो, कोणी इथेफॉन फवारून. पाने उतरली की काडीवरचा डोळा मोकळा होतो. मग छाटणी, मग डोळ्यांना पेस्ट, मग नवी फूट. तिकडे पानगळ होते, इकडे ती करून घ्यावी लागते. तिकडे ती वर्ष संपल्याची खूण, इकडे हंगामाची सुरुवात.

आणि वर ऑक्टोबरचे ऊन. मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट, कांद्याची धूळ, ट्रॅक्टरचा धूर, बागेतून आलेल्या माणसाच्या कपड्याला फवारणीचा वास. अशा उन्हात अंग तापलेले असते आणि तापलेल्या अंगावर सुगंध लवकर उडतो, भडक होतो. गारठ्यात जो वास शालीसारखा लपेटतो, तोच इथे दुपारी डोके चढवतो. बाटली वाईट नाही, वेळ चुकीची आहे.

ही समज आपल्या घरांत नवी नाही. आजीच्या अत्तरदाणीला ऋतू कळत होता. उन्हाळ्यात खस, गुलाब, केवडा, मोगरा. पहिल्या पावसाच्या आसपास मिट्टी. थंडी पडली की हिना, शमामा, कस्तुरी, ऊद. कनौजचे कारागीर आजही तांब्याच्या देगेत माल उकळून, भपक्यात वाफ धरून अत्तर काढतात. तिथल्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातला शमामा तर अनेक मसाले, मुळ्या आणि वनस्पती मुरवून केलेला असतो. तंबाखू-पानांच्या परफ्यूममधली ऊब ज्याला आवडते, त्याने एकदा शमामा हुंगून पाहावा. मुलाची आवड जगावेगळी नाही हे आईलाही कळेल, आणि आपल्याकडे ही चव आधीपासून आहे हे मुलालाही.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: ही बाटली डिसेंबरपर्यंत कपाटात ठेवावी. निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटतात. त्या दिवसांत फजरला निघताना एक फवारा पुरतो, तोही स्वेटरच्या आतल्या सदऱ्यावर. कपड्यावर मारण्याआधी आतल्या शिवणीवर मारून डाग पडतो का ते पाहावे. त्वचेवर खाज आली तर तो परफ्यूम अंगाला लावूच नये.

मशिदीचा विचार वेगळा करायला हवा. जुम्म्याला गुस्ल करावे, स्वच्छ कपडे घालावेत, घरात असेल ते अत्तर लावावे, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. कोणी अत्तर देऊ केले तर नाकारू नये, हेही आदरणीय प्रेषितांनी (स.) सांगितले. पण त्याच शिकवणीत कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये असेही आहे. कांद्याच्या बाजारपेठेत राहणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. कांदा काही नापाक नाही. मुद्दा शेजारी उभ्या राहणाऱ्या नमाजीचा आहे. या दोन्ही सांगण्यांचा अर्थ एकच: आपल्या अंगाचा वास हा आपल्या एकट्याचा नसतो. सफमध्ये खांद्याला खांदा लागतो. बाजूला दम्याचा पेशंट असेल, उपाशी पोटी आलेला म्हातारा असेल. तीन माणसांपलीकडे जाणारा सुगंध हा सुगंध राहत नाही, गलका होतो.

स्प्रेमधल्या अल्कोहोलबद्दल आलिमांत मतभेद आहेत. द्राक्षे किंवा खजुरापासून न केलेले अल्कोहोल बाहेरून लावायला अनेक हनफी आलिम परवानगी देतात, काही जण टाळायला सांगतात. आपल्या इमामसाहेबांना विचारावे. मनात किंतू राहत असेल तर तेलातले अत्तर आहेच. ते थेंबभर पुरते आणि वादही मिटतो.

आता तिसरा प्रश्न, धास्तीचा. आम्हाला ती खोटी वाटत नाही.

तंबाखू आणि अत्तर यांची गाठ जुनी आहे, आणि ती आपल्या दख्खनमध्येच पडली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने १५८० ते १६२७ राज्य केले. त्याच्या दरबारात सुगंधांवर 'इत्रे नवरसशाही' हा ग्रंथ लिहिला गेला. त्याच विजापुरात अकबराचा सरदार असद बेग याला तंबाखू पाहायला मिळाली. पोर्तुगीजांनी ती आणलेली. त्याने ती नक्षीदार चिलमीसकट बादशहाला नजर केली. दरबारी हकिमाने हरकत घेतली, पण तोवर सरदारांना गोडी लागली होती. पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. याच जहांगीरने आपल्या आठवणींत नूरजहाँची आई अस्मत बेगम हिने काढलेल्या गुलाबाच्या अत्तराची तोंड भरून तारीफ केली आहे. एकाच बादशहाने एका वासाला दाद दिली आणि दुसऱ्याला मनाई केली. अत्तर राहिले, दुर्दैवाने तंबाखूही राहिली.

पान आणि तंबाखू यांचा जो खरा मेळ आपल्या जिल्ह्याला माहीत आहे, तो बाटलीतला नाही. तो विडीचा. सिन्नर, संगमनेर, सोलापूर इथल्या हजारो घरांत बायकांनी टेंभुर्णीची पाने भिजवून, कात्रीने कापून, त्यात तंबाखूची चिमूट घालून, दोऱ्याने बांधून विड्या वळल्या आणि पोरे वाढवली. मजुरी हजार विड्यांवर. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. पण बोटांत मुरलेला वास साबणाने जात नाही. त्याच हातांनी भाकरी थापायची, त्याच हातांनी लेकराला जवळ घ्यायचे. तंबाखूची भुकटी श्वासातून आत जायची ती वेगळीच. पॅरिसच्या बाटलीत जो वास ऐट म्हणून विकला जातो, तो या बायकांच्या पदराला फुकट चिकटला आणि सोबत खोकला ठेवून गेला. मुलाने हा परफ्यूम खुशाल लावावा, पण हा हिशेबही त्याला माहीत असावा.

धास्तीचे दुसरे कारण अधिक जवळचे आहे. १९१९ मध्ये पॅरिसच्या कारों या कंपनीने 'ताबाक ब्लों' नावाचा परफ्यूम काढला. तंबाखूच्या वासाचे जे परफ्यूम गाजले, त्यांतला हा एक जुना. तो कोणासाठी होता? नव्यानेच सिगारेट ओढू लागलेल्या स्त्रियांसाठी. सिगारेटच्या वासाशी जुळेल असा. म्हणजे आरंभापासूनच या सुगंधाचा एक उपयोग धुराला सोबत करण्याचा आहे. आज आमच्या गावागावांत तोच उपयोग होतो. टपरीमागे सिगारेट झाली, मावा-गुटखा झाला, की तोंडात वेलची आणि शर्टावर फवारा. बाटलीवर 'टोबॅको' लिहिले असेल तर सोयच झाली. घरी कोणी विचारले तर सांगता येते, 'परफ्यूमचाच वास आहे तो.'

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. तोंड पुरते न उघडणे, तिखट सोसेनासे होणे, गालाच्या आत पांढरा चट्टा, बरी न होणारी जखम, ही लक्षणे कोणत्याही अत्तराने झाकत नाहीत. ती दिसली तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात लगेच न्यावे. सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. रागावून सुटलेली तंबाखू आम्ही फार पाहिली नाही. जवळ बसवून, आठवडा-आठवड्याने विचारपूस करून सुटलेली पाहिली आहे.

तर त्या भगिनीला आमचे सांगणे असे. बाटली फेकू नका. तिच्यातला तंबाखूचा वास हा वासच आहे, व्यसन नव्हे, आणि मुलाच्या आवडीत खोट नाही. त्याला दिवाळीनंतर, गारठा पडल्यावर ती वापरू द्या. जुम्म्याला थेंबभर शमामा किंवा हिना हातावर लावून द्या. पण एक गोष्ट बघत जा. मुलगा बाहेरून आला की आधी तुमच्याजवळ येऊन सलाम करतो की आधी खोलीत जाऊन फवारा मारतो? आधी सलाम करत असेल तर निश्चिंत राहा. आधी फवारा असेल, तर परफ्यूमविषयी नव्हे, त्याच्याशी बोला. त्याच्या अब्बांनाही त्या बोलण्यात बसवा, आणि अब्बांच्या खिशात विडीचे बंडल किंवा चुन्याची डबी असेल तर बोलणे तिथून सुरू करा. ज्या घरात मोठ्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास आहे, तिथे मुलाच्या सदऱ्यावरच्या वासाची चौकशी टिकत नाही.

सुगंध जवळ येणाऱ्याला बरे वाटावे म्हणून लावतात. कोणी जवळ येऊ नये म्हणून तो लावावा लागत असेल, तर बाटली कनौजची असो की पॅरिसची, तिचे काम चुकलेले आहे.