मागच्या अंगणाला वाट कुठून?

घर दाखवायला आलेल्या दलालाने आम्हाला आधी थेट मागे नेलं. हुशार माणूस. हॉल, जेवणघर, स्वयंपाकघर ओलांडून त्याने मागचं दार उघडलं आणि समोर आंबा, दोन नारळ, कढीपत्ता, कोपऱ्यात जास्वंद. इंदिरानगरमध्ये, शंभर फुटी रस्त्यापासून चार गल्ल्या आत, असं परस अजून शिल्लक आहे यावर माझ्या नणंदेचा विश्वासच बसेना. तिच्या सासूबाई तर पायरीवर बसल्याच. म्हणाल्या, "हेच घ्या."

परत निघताना मी सहज विचारलं, माळी कुठून येणार?

"घरातूनच, मॅडम."

साइट साठ बाय चाळीसची, म्हणजे २,४०० चौरस फूट. डाव्या बाजूने वरच्या भाडेकरूंचा जिना चढतो, त्याच्यामागे थेट भिंत. उजव्या बाजूला एक कोठीची खोली, तिला लागून बाहेरचा संडास. मागच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचं घर. थोडक्यात, त्या बागेत पोचायला देवघरासमोरून जाण्यावाचून इलाज नाही.

पहिल्यांदा हे क्षुल्लक वाटतं. पण आता एकेक आठवून पाहा. नारळाच्या झावळ्या, त्या चांगल्याच लांब असतात. शेणखताची पोती. बागेत बोअरवेल असेल तर पंप वर काढण्याचा दिवस, त्याचे लांबलचक पाइप. बेंगळुरूत एवढ्या मोठ्या साइटवरच्या जुन्या घरांनाही २००९ पासून पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं आहे. मुरवण्याचा खड्डा मागे असला तर त्यातला गाळ अधूनमधून उपसावा लागतो, आणि तो घमेल्यांतून कुठून जाणार, तर तुमच्या सोफ्याशेजारून. आंबा वाळला तर? १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडायची परवानगी मिळवालही, पण ओंडके स्वयंपाकघरातून नेणार का?

आणि माळी आला की कुणीतरी घरात हवंच. नणंद आणि तिचा नवरा दोघेही नोकरीवर, म्हणजे सासूबाईंनी डोळा लागलेला असताना उठायचं.

सासूबाईंनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. "चिखलाचे पाय घेऊन तो देवासमोरून जाणार?" मला ते जरा टोचलं. मागच्या वाटेचा इतिहास काही नुसता झावळ्यांचा नाही. १८९८ च्या प्लेगच्या सुमारास इथे मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वसवले, तेव्हा घरांच्या दोन रांगांच्या मधून अरुंद गल्ल्या ठेवल्या. मैला वाहून नेणाऱ्यांनी मागून यावं, मागून जावं, कुणाच्या नजरेला पडू नये, हा त्यातला हेतू. पुण्यातल्या वाड्यांच्या मागचे बोळही त्याचसाठी होते. पुढे ड्रेनेज आलं, त्या गल्ल्यांचं काम संपलं आणि बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्यांनी त्या थोड्या-थोड्या गिळल्या. आपल्या आज्या 'मागच्या दाराने ये' हे कुणाला म्हणत आणि का, हे आपल्याला ठाऊक असतंच.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माळी घरातून आला तर चहा देईन मी त्याला. पण झावळ्यांचं काय ते सांग."

तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी तोडगा काढला. त्यांच्या बाजूने गाडी जाईल एवढी मोकळी जागा आहे. मधल्या भिंतीला एक छोटं फाटक पाडा, आमच्या बाजूने माणूस येऊ दे, म्हणाले. किती भला माणूस! पण भलेपणा खरेदीखतात लिहिता येत नाही. शेजाऱ्याने दिलेली तोंडी परवानगी ही परवानगीच असते. ती तो कधीही काढून घेऊ शकतो आणि त्याने घर विकलं की ती संपते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात वीस वर्षं सतत वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो, पण तो वापर हक्काने झालेला असावा लागतो, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. 'गरजेची वाट' म्हणून मागावी, तर तुमच्याच घरातून रस्ता असताना ती गरज न ठरता सोय ठरते. खरा हक्क हवा असेल तर दोघांनी बसून रीतसर नोंदणीकृत दस्त करायचा. आजोबांच्या मुलाने तो विषय हसून टाळला. इंदिरानगरमध्ये आज बंगला आहे तिथे उद्या चार मजले उभे राहतात, त्यामुळे त्यालाही दोष देता येत नाही.

मग नणंदेच्या नवऱ्याने मंजूर नकाशा मागवला. (हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं असतं. आंबा पाहून आम्ही विसरलो.) नकाशात उजव्या बाजूला कोठीही नव्हती आणि संडासही. तिथे पुढून मागपर्यंत मोकळी जागा होती. म्हणजे वाट मुळात होती, मालकांनी ती नंतर बंद केली. 'सगळेच करतात,' हे त्यांचं उत्तर. 'सरकार दंड घेऊन नियमित करणार आहे,' हे दलालाचं. इथे त्या योजनेला अक्रम-सक्रम म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली, तरी दलालांच्या तोंडी ती जिवंत आहे. बँकेचा माणूसही घराची मापं मंजूर नकाशाशी ताडून बघतो, तेव्हा ती कोठी कर्जातही आडवी आलीच असती.

नणंदेने मालकांना सांगितलं की कोठी आणि संडास पाडून द्या, मग इसार. किंमत कमी करतो, तुम्हीच पाडा, असं ते म्हणाले. ती अडून बसली, कारण ताबा घेतल्यावर पाडायचं म्हणजे ते सगळं डबर आपल्या गळ्यात. तीन आठवडे फोन नाही. सासूबाई रोज विचारायच्या, आंब्याला मोहोर आला असेल का.

गेल्या रविवारी मालकांचा निरोप आला, येऊन बघा. भिंती गेल्या होत्या. आम्ही टेप लावली, तर जिथे सर्वांत अरुंद तिथे दोन फूट दहा इंच. पुरेल की नाही यावर आमचा वाद सुरू झाला. नणंदेने कोपऱ्यावरच्या बंगल्यात काम करणाऱ्या माळ्याला हाक मारली. त्याने टेपकडे पाहिलंही नाही. पडलेली एक झावळी उचलली, खांद्यावर आडवी न घेता उभी धरली आणि मागून पुढे सरळ चालत रस्त्यावर आला. "साकु," म्हणाला. पुरे.

सासूबाई तोवर पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या होत्या.